'पॅनिक' या शब्दाची कुळकथा



शब्दांच्या व्युत्पत्तीचा विषय निघाला म्हणजे बहुतेकांस कोशावरील धुळीची आठवण होते, आणि ती कांहीं अगदींच अस्थानीं नसते. परंतु कांहीं शब्द असे असतात कीं, त्यांच्या पोटांत एक सबंध देव, एक डोंगराळ मुलूख आणि दोन-चार लढाया दडून बसलेल्या असतात. इंग्रजींतून आपल्याकडे आलेला 'पॅनिक' हा शब्द त्यांपैकीं एक होय. परीक्षा जवळ आली कीं मुलगा पॅनिक होतो, शेअरबाजार गडगडला कीं गुंतवणूकदार पॅनिक होतात, आणि लेकीचा फोन तासभर लागला नाहीं कीं आई पॅनिक होते. शहरांतल्या मराठी घरांत हा शब्द आतां पाहुण्यासारखा राहिलेला नाहीं. तो उच्चारतांना आपण एका शेळ्यामेंढ्यांच्या देवाचें नांव घेत आहों, याची मात्र फारशी कोणास कल्पना नसते.

त्या देवाचें नांव पान. ग्रीस देशाच्या दक्षिणेस पेलोपोनीज नांवाचें द्वीपकल्प आहे आणि त्याच्या मध्यभागीं आर्केडिया नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. सपाट जमीन थोडी, रानें व कडेकपारी फार. प्राचीन काळीं तेथील पुष्कळ लोक गुरेंमेंढरें राखून पोट भरीत. पान हा त्यांचा देव. कमरेपासून वर माणूस, खालीं बोकड. डोक्याला शिंगें, हनुवटीस दाढी, हातांत लहानमोठ्या नळ्या जुळवून केलेला पांवा. ऑलिंपस पर्वतावरील देवसभेंत त्याला मानाचें आसन असें कधींच नव्हतें. तो आपला गुहांतून, झऱ्यांच्या कांठीं आणि एकांतांत राहणारा.

त्याच्या नांवाची फोड खुद्द ग्रीकांनींच चुकीची केली. त्यांच्या भाषेंत 'पान' म्हणजे 'सर्व'. या बाळाला पाहून सर्व देवांस हर्ष झाला म्हणून त्याचें नांव पान ठेवलें, अशी कथा त्यांच्या एका जुन्या स्तोत्रांत आहे. पुढें तत्त्वज्ञांनीं तोच धागा ओढून या बोकडपायी देवाला विश्वव्यापी करून सोडलें. भाषाशास्त्राला हें मान्य नाहीं. आर्केडियांतील जुन्या लेखांत 'पाओन' असें रूप आढळतें, आणि त्याचा संबंध राखणें, चारणें या अर्थाच्या एका प्राचीन धातूशीं जोडतात. संस्कृतांतील 'पा' म्हणजे रक्षण करणें, ज्यापासून 'गोपा' शब्द झाला, तो याच कुळांतला. मेंढपाळाला लॅटिन भाषेंत 'पास्तोर' म्हणतात, तोहि त्यांतलाच. हर्मान कॉलित्स या विद्वानानें १९२४ मध्यें आणखी एक पाऊल पुढें टाकून पानाचें नातें ऋग्वेदांतील पूषन् देवाशीं जुळवलें. पूषा हा चुकलेलीं गुरें शोधून आणणारा आणि वाटसरूंना संभाळणारा देव. त्याच्या रथाला घोडे नसून बोकड जुंपलेले. ध्वनींच्या दृष्टीनें हें समीकरण सर्वांस पटलेलें नाहीं, आणि मीहि त्यावर पैज लावणार नाहीं. पण दोघांच्याहि भोंवतीं शेळ्यांचा कळप आहे एवढें खरें.

जातां जातां एक गैरसमज दूर करूं. आपल्या वरीच्या कुळाला वनस्पतिशास्त्रज्ञ 'पॅनिकम' म्हणतात. तो लॅटिन शब्द निराळा, धान्याच्या कणसावरून आलेला. तेव्हां एकादशीच्या दिवशीं पानदेवाचा नैवेद्य आपल्या ताटांत पडत नाहीं.

आतां या पांवा वाजविणाऱ्या देवाचा भयाशीं संबंध कसा आला? इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकांतील थिओक्रिटस कवीच्या एका काव्यांत एक मेंढपाळ दुसऱ्याला पांवा वाजविण्याचा आग्रह करतो, तर तो म्हणतो, ही भर दुपार आहे. पान शिकारीहून थकून या वेळीं निजलेला असतो आणि त्याला राग फार लवकर येतो. दुपारीं बाराच्या ठोक्याला पाणवठ्यावर किंवा वडाखालीं जाऊं नको म्हणून बजावणारी आजी आपल्यापैकीं अनेकांना होती. त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. ज्यानें कळप राखला आहे त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. वारा नाहीं, पान हालत नाहीं, लांडग्याचा मागमूस नाहीं. आणि एकाएकीं एक शेळी मान वर करते, कान टवकारते, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सगळा कळप उधळतो. राखणारा पाहत राहतो. त्याला कारण दिसत नाहीं. ज्या देवानें कळप राखावयाचा त्यानेंच तो उधळला, असें त्याच्या मनांत आलें असावें, असा माझा तर्क आहे.

परंतु ग्रीक ग्रंथकारांनीं या भयाची जीं वर्णनें लिहून ठेवलीं आहेत तीं बहुतेक कळपांचीं नसून सैन्यांचीं आहेत. इ. स. पूर्वी चौथ्या शतकांत इनिअस नांवाच्या एका अनुभवी योद्ध्यानें वेढा पडलेल्या शहराचें रक्षण कसें करावें यावर ग्रंथ लिहिला. त्यांत या प्रकाराला स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. छावणींत किंवा शहरांत अकस्मात् जो गोंधळ व भीति उत्पन्न होते तिला कोणी 'पानेइया' म्हणतात, आणि हा शब्द पेलोपोनीजमधला, विशेषेंकरून आर्केडियांतला आहे, असें तो सांगतो. म्हणजे शब्दाचें गांव आपल्याला एका शिपाईगड्याकडून कळतें, वैयाकरणाकडून नव्हे.

येथें एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती या शब्दाच्या नांवावर वारंवार खपविली जाते. इ. स. पूर्वी ४९० मध्यें इराणी सैन्य मॅराथॉनच्या किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां अथेन्सहून स्पार्टाकडे मदतीसाठीं एक जासूद धांवत गेला. वाटेंत टेगिया गांवाच्या वरच्या डोंगरांत पानानें त्याला नांवानें हांक मारली आणि विचारलें, 'मी अथेन्सकरांचा हितकर्ता असतां ते माझी आठवण कां ठेवीत नाहींत?' जय मिळाल्यावर अथेन्सकरांनीं आपल्या गडाच्या पायथ्याशीं पानाचें स्थान केलें आणि दरवर्षीं बळी व मशालींची शर्यत सुरू केली. हिरोडोटसानें दिलेली हकीकत एवढीच आहे. पानानें इराण्यांच्या मनांत भय घातलें असें त्यानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ती पुढच्यांनीं घातलेली भर. कथा सुंदर असली म्हणजे तिच्यांत हवें तें घालण्याचा मोह विद्वानांसहि आवरत नाहीं.

खरी साक्ष आहे ती दुसऱ्या एका रात्रीची. इ. स. पूर्वी ४०१. इराणच्या गादीसाठीं दोघां भावांत तंटा लागला होता. धाकटा भाऊ सायरस यानें भाडोत्री ग्रीक सैन्य बरोबर घेतलें, आणि बाबिलोनजवळ कुनाक्सा येथील लढाईंत तो मारला गेला. दहा हजारांच्या आसपास ग्रीक शिपाई परक्या मुलखांत, धन्यावांचून, अर्धपोटीं पडले. पुढें एके रात्रीं अंधारांत छावणींत एकदम कल्लोळ उठला. शत्रु आला म्हणावें तर दिसत कोणी नव्हता. जो तो मात्र हत्याराला हात घालीत होता. सेनापति क्लीआर्कस याच्याजवळ तोल्मिदीस नांवाचा एक खड्या आवाजाचा भालदार होता. त्याला त्यानें दवंडी पिटावयास सांगितलें: 'हत्यारांच्या जागेंत गाढव कोणीं सोडलें त्याचें नांव जो सांगेल त्याला एक तालांत चांदी बक्षीस मिळेल.' एक तालांत म्हणजे सुमारें २६ किलो. दवंडी ऐकली आणि भय ओसरलें. आपले सरदार जागच्या जागीं आहेत हें शिपायांना कळलें. ही हकीकत त्याच सैन्यांत असलेल्या झेनोफनानें लिहून ठेवली आहे. गाढव मुळांत होतें कीं नव्हतें तें त्यानें सांगितलेलें नाहीं. मला वाटतें, नव्हतेंच. माणसाच्या मनाला भयापेक्षांहि त्याचें कारण न सांपडणें अधिक असह्य होतें, हें त्या सेनापतीनें ओळखलें आणि हंसूं येईल असें एक कारण सैन्याच्या हातीं दिलें.

ज्यांना असा क्लीआर्कस मिळाला नाहीं त्यांची गत पॉसेनिअस या प्रवाशानें वर्णिली आहे. इ. स. पूर्वी २७९ मध्यें गॉल लोकांची टोळी डेल्फीच्या देवळावर चालून गेली आणि मार खाऊन थंडींत माघारी फिरली. रात्रीं छावणींतल्या कांहीं जणांना घोड्यांच्या टापा ऐकूं आल्याचा भास झाला. हां हां म्हणतां तें वेड सर्वांत पसरलें. समोरचा आपली भाषा बोलतो आहे हें कळेना, त्याचा चेहरा ओळखेना, ढालीचा आकार ओळखेना. प्रत्येकाला दुसरा ग्रीक वाटूं लागला आणि ते एकमेकांस कापीत सुटले. कारणाविना उत्पन्न होणारें भय हें पानाकडून येतें असें म्हणतात, हें पॉसेनिअसचें त्यावरील भाष्य.

या सर्व साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ स्वच्छ दिसतो. तें भय अनेकांचें आहे, एकट्याचें नव्हे. तें एकापासून दुसऱ्यास लागतें. आणि त्याला दिसण्याजोगें कारण नसतें. फिलिप बोर्जो या स्विस विद्वानानें १९७९ मध्यें पानदेवावर जो ग्रंथ लिहिला त्यांत हा भेद नीट दाखविला आहे: रानांत एकट्या माणसाला पानानें पछाडणें ही ग्रीकांच्या लेखीं निराळी गोष्ट होती, तिला नांवहि निराळें होतें. फ्रेंच भाषेंतून १६०० च्या सुमारास इंग्रजींत आला तेव्हांहि 'पॅनिक' हा भयाचें विशेषण म्हणून आला. पुढें तो नाम झाला, पुढें सराफी पेढ्यांवर गर्दी उसळली कीं तिला लावूं लागले, आणि १९८० मध्यें अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं 'पॅनिक डिसऑर्डर' ही स्वतंत्र व्याधि म्हणून आपल्या सूचींत नोंदली. छावणींतून निघालेला शब्द असा एकेकट्या माणसाच्या छातींत येऊन बसला.

मराठींत याला प्रतिशब्द कोणता? वर्तमानपत्रें 'घबराट' लिहितात. वाईट नाहीं, पण त्यांत अकस्मात्पणा कमी. आपल्या भाषेंत भयाचे शब्द विपुल आहेत आणि त्यांतले पुष्कळ देहाच्या हालचालींवरून आलेले: दचकणें एका क्षणाचें, धडकी छातींत भरणारी, आणि धसका घेतला कीं तो महिनोन्महिने जात नाहीं. 'पांचावर धारण बसणें' यांत तर बाजारच आहे. धारण म्हणजे भाव. दुष्काळांत रुपयाला मिळणारें धान्य पांच मापांवर येऊन ठेपलें कीं लोकांचे प्राण कंठाशीं येत, अशी त्याची एक उपपत्ति सांगतात. पण पानाच्या भयाला सर्वांत जवळचा शब्द मला 'हूल' हा वाटतो. हूल उठते, ती कोणा एकाची नसते, आणि तिच्या पाठीमागें कांहीं नसतें. मात्र हूल उठविणारा कोणी तरी असतो असें ती सुचविते, आणि ग्रीक शब्द तसें सुचवीत नाहीं. हा फरक लहान नाहीं. त्याचा अनुभव मीं स्वतः घेतलेला आहे.

मी नऊ वर्षांचा असेन. आमच्या गांवच्या देवळांत सप्त्याचें कीर्तन चाललें होतें. सभामंडप माणसांनीं खचाखच भरलेला, पुढें एक पेट्रोमॅक्स, मागें अंधार. माझ्या पायाला कांहीं तरी गार लागलें आणि मी 'साप' म्हणून ओरडलों. तो कोणाच्या तरी ओल्या पंच्याचा पिळा होता. पण तें मला कळण्यापूर्वींच सगळा मंडप उठला होता आणि त्या मंडपाला बाहेर पडावयास दार एकच होतें. बुवा जागचे हालले नाहींत. त्यांनीं टाळकऱ्यांना खूण केली आणि विठ्ठलनामाचा गजर सुरू केला. पहिल्यानें टाळकरी, मग पुढच्या रांगा, मग दाराशीं अडकलेलीं माणसेंहि म्हणूं लागलीं, आणि म्हणतां म्हणतां खालीं बसलीं. माझ्या आत्याचा हात दाराच्या चौकटीशीं चेंगरून मोडला होता. तो पुढें कधीं सरळ झाला नाहीं.

कित्येक वर्षांनीं इनिअसचा ग्रंथ वाचतांना मी थबकलों. अशी रात्रीची भीति उठली असतां शिपायांनीं आपली जागा सोडूं नये, युद्धस्तोत्र गाऊं लागावें, आणि हें 'पानेइओन' आहे असें एकमेकांस सांगावें, असा त्याचा उपदेश आहे. ज्या बाजूनें गाण्याला उत्तर येणार नाहीं तेथें भय शिरलें असें समजावें. आमच्या बुवांनीं इनिअसचें नांवहि ऐकलें नसेल. हा इनिअस साधाभोळा मात्र नव्हे. शत्रूच्या छावणींत हीच भीति उत्पन्न करावयाची तर गायींच्या गळ्यांत घंटा बांधून, इतर जनावरांना मद्य पाजून तीं रात्रीं आंत सोडावीं, हेंहि तो सांगतो. पण आपल्या सैन्यांत हा प्रकार झाला तर काय करावें, हा प्रश्न त्यानें शिपायाला न विचारतां सेनापतीला विचारला आहे. भय पानाकडून येतें एवढें म्हणून तो हात झटकून मोकळा होत नाहीं.

आपण मात्र बहुधा होतों. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं, दसऱ्याच्या आदल्या दिवशीं सकाळीं, मुंबईंत एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर पावसामुळें माणसें थांबून राहिलीं, मागून गाड्यांतून उतरलेलीं येतच राहिलीं, आणि त्या गर्दींत २३ जीव गेले. कोणा फुलवाल्याचा भारा पडला, 'फूल गिर गया' असा तो ओरडला, आणि लोकांनीं 'पूल गिर गया' असें ऐकलें, असें तेथें असलेल्या एका व्यक्तीनें सांगितल्याचें तेव्हां वर्तमानपत्रांत आलें. ही गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहिली. एका अक्षरानें केलेला घात म्हणून ती राहण्यासारखीच आहे. परंतु जिना अरुंद असल्याची ओरड त्यापूर्वींपासून होती आणि रुंद पूल मंजूर होऊनहि उभा राहिलेला नव्हता, ही गोष्ट तितकी राहिली नाहीं. पुढें लष्करानें बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्यें खुला झाला.

चेंगराचेंगरींत माणसें भिऊन पळाल्यामुळें मरतात, ही समजूत आतां अभ्यासकांनीं बरीच मोडीत काढली आहे. एका चौरस मीटरांत सहा-सात माणसें झालीं कीं गर्दी पाण्यासारखी हेलकावूं लागते; कोणाचें पाऊल कोणाच्या हातीं राहत नाहीं, आणि मृत्यु बहुधा उभ्या उभ्या येतो, छातीवरील दाबानें श्वास घेतां न आल्यामुळें. एन्रिको क्वारँटेली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९५४ मध्यें या भयाच्या स्वरूपावर पहिला निबंध लिहिला आणि पुढें आयुष्यभर आपत्तींचा अभ्यास केला. संकटांत खरी सैरावैरा धांवाधांव क्वचित् होते, माणसें एकमेकांना हात देतांना अधिक आढळतात, असें त्यांना दिसून आलें. इंग्लंडांत शेफील्ड येथें हिल्सबरोच्या मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजीं झालेल्या चेंगराचेंगरीनें ९७ बळी घेतले. त्यांचा दोष प्रथम प्रेक्षकांच्याच माथीं मारण्यांत आला. प्रेक्षकांचा त्यांत कांहीं अपराध नव्हता असा निर्णय पंचांनीं दिला तो २०१६ मध्यें, म्हणजे सत्तावीस वर्षांनीं. 'पॅनिक' या शब्दांत कारण नसल्याची ग्वाही मुळापासूनच आहे. म्हणून ज्यांना कारण सांगावयाचें नसतें त्यांना तो फार सोयीचा पडतो.

त्या सप्त्यानंतर आमच्या गांवांत चार दिवस एकच प्रश्न चालला होता: साप म्हणून ओरडलें कोण? मीं तो आत्याजवळ कबूल केला. इतरांना तिनें कळूं दिलें नाहीं. दाराविषयीं कोणी बोललें नाहीं, तीहि नाहीं. गेल्या वर्षीं गांवीं गेलों होतों तेव्हां दार मोजून पाहिलें. रुंदी अद्याप दोन हात आणि चार बोटें आहे, आणि सप्त्याला गर्दी पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढली आहे. विश्वस्तांना मीं पत्र लिहिलें आहे.